तीन बाया आणि एक कडुनिंब

बहिणीच्या तेरवीनंतर दोन महिन्यांनी तिची मुलगी सावनेरहून एकटीच बसने आली. चपला काढता काढता दारातच म्हणाली, "मावशी, मले चित्रकलेच्या कॉलेजात जायचं आहे. प्रवेश परीक्षेले काय अभ्यास करू? आई म्हणे, मावशीले विचार. मले तिनंच शिकवलं होतं."

बहीण हे कोणत्या सुरात म्हणाली असेल, ते मला तिच्या मुलीला विचारता आलं नाही. मी पाणी आणायला आत गेले.

माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. बहीण सतरा वर्षांची होती, मी चोवीस. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून बहिणीची वेणी घालणं, ताप पाहणं, रागावणं हे सगळं माझ्याकडे होतं. मी बी.ए. झालेली, घरात सतत काहीतरी वाचत बसणारी, म्हणून तिच्या अभ्यासाचं खातंही आपोआप माझ्याकडे आलं. बाबांनी तिला एकच संधी दिली होती. "एक डाव परीक्षा दे. लागला नंबर तर शिक. नाही लागला तर मंग मुकाट्यानं पोळपाटासमोर बस आणि आम्ही दाखवू त्या घरी जा. पुन्हा हट्ट नको वं."

परीक्षेत तीन पेपर असत. वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र. पहिल्यात समोर मांडलेली घागर, वांगी आणि दुमडलेलं फडकं काढायचं. दुसऱ्यात चौकोनात नक्षी भरायची. तिसऱ्यात विषय देत आणि तो समोर काही न ठेवता, आठवून काढायचा. नागपूरच्या जूनमध्ये कागदाच्या एका कडेला लावलेला रंग दुसरीकडे पोचेपर्यंत वाळून जाई. त्यासाठी बहीण कागदाखाली ओलं धोतर पसरायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी तिला महाल भागातल्या एका ड्रॉइंग मास्तरांच्या रविवारच्या वर्गात घातलं. स्मरणचित्रासाठी मास्तरांचं एक चित्र ठरलेलं होतं. तीन बाया आणि एक कडुनिंब. एक बाई पाठमोरी, एक बाजूने, एक वाकलेली. चेहरा एकाच बाईचा आणि तोही अर्धाच, म्हणजे चुकायला जागा नाही. "हे हातात बसवून घ्या," मास्तर म्हणत. "डोक्यावर घागरी दिल्या की पाणवठा. टोपल्या दिल्या की बाजार. हातात ताटं दिली की देवळाचा रस्ता. पेपर काढणाऱ्यानं काहीही विचारू द्या, आपल्या बाया तयार." दर रविवारी वीस मुलंमुली त्याच तीन बाया काढत. बहीण घरी येऊन म्हणायची, "ताई, त्या पाठमोऱ्या बाईले एकदा तरी वळून पाहू दे नं वं. मान अवघडली असंल तिची."

मला मास्तरांची रीत पटली होती. मीही पाठ करूनच पास झाले होते.

मे महिन्यात सावनेरचे लोक मला पाहायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक आत्या. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. माझे दात पुढे आहेत. आत्याबाईंनी मान कलती करून ते नीट पाहून घेतले. चार दिवसांनी नकार आला. बाबांनी पोह्यांचा खर्च बहिणीसमोर मोठ्याने मोजला.

त्यानंतरच्या आठवड्यात बहिणीने ते चित्र काढलं. दुपारभर दार लावून बसली होती. बाहेर आली ती कागद पुढे धरूनच. "पाह्य. समोर कोणी नव्हतं. सगळं आठवून काढलं."

चित्रात आमची बैठक होती. बाबा हात जोडून, नको तितके हसत. आत्याबाईंची कलती मान. मधोमध मी, ट्रेच्या वजनाने खांदे पडलेले, दात झाकायला ओठ ताणून धरलेला. मी ओठ असा धरते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आणि तो मुलगा. त्याची नजर ट्रेवर नव्हती, माझ्यावरही नव्हती. ती आतल्या दाराच्या पडद्याखाली दिसणाऱ्या दोन पावलांवर होती. डाव्या अंगठ्याचं नख तुटलेलं. ती बहिणीची पावलं होती.

"तो तिकडंच पाहून राहिला होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात लबाडी नव्हती. घागरीचा तोल कुठे आहे हे सांगावं, तसं तिने सांगितलं.

मी कागद चार ठिकाणी फाडला. मग मी तिचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला. "हे चित्र पुन्हा काढायचं नाही. बैठक नाही, पाहुणे नाहीत, मी नाही. परीक्षेत मास्तरांच्या बायाच काढायच्या. घे माझी शपथ. मोडलीस तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

आई गेलेल्या मुलीवर ही शपथ कशी बसते, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच घातली. मी तिचा हात माझ्या केसांवर दाबून धरला होता आणि मला बरं वाटत होतं.

परीक्षेच्या दिवशी मी डबा घेऊन बाहेर झाडाखाली बसले होते. स्मरणचित्राचा पेपर देऊन ती शेवटी आली. बोटं रंगाने भरलेली.

"काय आलं होतं?"

"घरी आलेले पाहुणे."

मी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"मग?"

"मंग काय? मास्तरच्या बाया सतरंजीवर बसवल्या. हातात बशा दिल्या. कडुनिंब खिडकीतून दाखवला." ती हसली. "परीक्षक फिरत फिरत आले. म्हणे, या बाया आताच त्या कोपऱ्यातल्या पोराकडे चहा पिऊन आल्या. इथून अजून तीन घरी जायचं आहे त्यांले. थकत नाहीत काय ह्या? सगळा वर्ग हासला, ताई."

"तू दुसरं काही काढायचं होतंस," मी म्हणाले. हे मी खरंच म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात मोजमाप होतं. डोळ्यांपासून ओठापर्यंतचं अंतर ती घेत असावी.

"तुझी शपथ होती नं वं."

यादीत तिचं नाव नव्हतं. बाबा म्हणाले, "झाली हौस?" महिना पुरा व्हायच्या आत सावनेरहून निरोप आला, धाकटी द्यायची असेल तर विचार करू. बाबांनी माझ्यासमोरच होकार दिला. लग्नात तिच्या पायांना मेंदी मी लावली. अंगठ्याचं नख तोवर वाढून आलं होतं.

पुढच्या अठरा वर्षांत ती दिवाळीला येई, लोणचं देई, मी शिकवत होते त्या शाळेचं विचारी. चित्रांबद्दल तिने एक शब्द काढला नाही, मीही नाही. मला वाटे, ती विसरली. असं वाटून घेणं सोयीचं होतं. या हिवाळ्यात ती गेली. मी पोचले तेव्हा तिला अंगणात आणलं होतं. तिने शपथ पाळली होती, आणि मेलेलं तोंड मी पाहत होते.

पाणी पिऊन झाल्यावर तिच्या मुलीने पिशवीतून वही काढली. "आईनं शिकवलं ते दाखवतो तुले." तिने पानं उलटली. तीन बाया आणि एक कडुनिंब. डोक्यावर घागरी. पुढच्या पानावर टोपल्या. पुढे ताटं. वहीभर त्याच तिघी, एक पाठमोरी, एक बाजूने, एक वाकलेली.

"दुसरं काही नाही शिकवलं?"

"आई म्हणे, हे पक्कं आहे. मावशीची खात्री आहे याच्यावर."

मी उठून पोह्यांचा जुना ट्रे काढला. दोन बशा त्यावर ठेवल्या आणि आतल्या दारासमोर उभी राहिले.

"मला काढ," मी म्हणाले. "नीट पाहून घे, मग तोंड फिरवून आठवून काढ."

तिने पाहिलं, पाठ फिरवली, तासभर काढत बसली. मी जागची हलले नाही. शेवटी तिने कागद माझ्यापुढे धरला. ट्रे बरा जमला होता. खांदे सरळ काढले होते. ओठ मिटलेले, नीटनेटके. आतले दात तिने कुठे ठेवले होते कोण जाणे. माझ्या आयुष्यात मी इतकी बरी कधी दिसले नव्हते.

"आवडलं काय?" तिने विचारलं.

"खोटं आहे," मी म्हणाले. "तुझ्या आईला खरं काढता येत होतं. पूस."

तिचे डोळे भरून आले. तिने खोडरबर घेतला आणि माझा ओठ पुसायला लागली.