गालाला लावलेला ग्लास

नसरापुरात कुणाला भिंत फोडायची असली की एक मिस्त्री ठरलेले, विजेवरचा ब्रेकर घेऊन तेच येत. डोळ्यांवर चष्मा, पायांत जाड बूट. वायर पायात येणार नाही अशी बाजूला टाकलेली. चहा दिला की मात्र ग्लास आधी गालाला लावून बघत. मी एकदा विचारलंच.

"मशीनच्या हादऱ्यानं हातांना कायबी कळंना झालंय. मधी मधी थांबाया पायजे व्हतं, न्हाई थांबलो. आता गरम-गार गालालाच कळतं."

परवा त्यांची आई गेली, म्हणून त्यांच्या गावी, मार्गासनीला गेलो. सगळे हात लावून पाया पडत होते. ते वाकले आणि आईच्या पावलांवर त्यांनी गाल टेकवला. बऱ्याच वेळानं मान वर करून मला म्हणाले,

"गार पडलीया वो."