उत्तमरावांच्या मोटारसायकलीला कल्हई

उत्तमराव मेहरे फुलांचे माळी. अमरावतीच्या कडेला त्यांचा गुलाब-शेवंतीचा मळा आणि घर आमच्या आळीत. माणूस लाखातला, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की घरच्यांनी देव पाण्यात ठेवावेत. १९६३ साली त्यांनी एक जुनी लष्करी मोटारसायकल आणली. महायुद्धात वापरून झालेली, मळकट हिरवी. त्याच दिवशी बायकोला, माणिकबाईंना, शब्द दिला, "पयले तुले मांगं बसवतो अन् चिखलदऱ्याले नेतो." माणिकबाईंनी लगेच नवं लुगडं पेटीतून काढून खुंटीवर अडकवलं.

पण उत्तमरावांनी अकोल्याला कुणा कापसाच्या जिनवाल्याच्या पोराची क्रोमने मढवलेली गाडी पाहिली होती. तसलं सामान मुंबईहून मागवायचं तर मळा विकावा लागला असता. तेव्हा त्यांना डोमाजी आठवला. डोमाजी दारोदार भाता लावून पितळी भांड्यांना कल्हई करायचा. "भांडं चमकते, तं गाडी काहून नाई चमकनार?" उत्तमराव म्हणाले. डोमाजीला हे पटलं. दोघांतल्या एकाला तरी पटायला नको होतं.

आधी इंजिनाच्या नळकांड्याला आणि सायलेन्सरला कल्हई झाली. मग घरातला तांब्या उभा कापून दिव्यावर टोपी बसली. फुलपात्रं हँडलच्या टोकांना गेली. दोन मोठ्या पराती चाकांवर तारेने आवळल्या. कणीक मळायची वेळ झाली की माणिकबाई अंगणात येऊन मागच्या चाकाची परात सोडून नेत आणि पोळ्या झाल्या की घासून परत लावत. कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. आळीतली माणसं गाडीपुढे बसून दाढी करीत, आणि चिमण्या दिव्यावर दिवसभर चोची मारत. धूळ लागेल म्हणून उत्तमराव मात्र मळ्यात पायी जात.

"अवो, चिखलदऱ्याले कधी जाच?" माणिकबाई विचारत.

"थांब नं वं. येवढी चमक होऊ दे."

अशी दोन वर्षं चमक झाली. शेवटी त्यांनी मागची सीट काढली आणि तिथे माणिकबाईंच्या लग्नातलं घंगाळ कल्हई करून उपडं बसवलं.

"आता मी कोठी बसू?" माणिकबाईंनी विचारलं.

"घंगाळावर बस. पन हात नको लावू, डाग पडते."

माणिकबाई दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नवं लुगडं नेसल्या आणि एकट्या एसटीत जाऊन बसल्या. मीही त्याच गाडीने चिखलदऱ्याला मेव्हण्याकडे निघालो होतो. मी नमस्कार केला, तर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला फार वाईट वाटलं, आणि उत्तमरावांचा रागही आला.

घाट लागला तेव्हा मागून भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखा आवाज ऐकू आला. आम्ही सगळे मागच्या काचेशी धावलो. उत्तमराव! एका वळणावर परात सुटून दरीत गेली, दुसऱ्यावर तांब्याची टोपी. घंगाळ गडगडत खाली निघालं तेव्हा अख्ख्या एसटीने टाळ्या पिटल्या. माणिकबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

एसटी इंजिनात पाणी भरायला थांबली आणि उत्तमरावांनी आम्हाला गाठलं. नळकांड्यावरून चांदीसारखे थेंब टपटप गळत होते आणि धोतराला भोकं पडली होती. रिकामं भांडं आचेवर ठेवलं की कल्हई उतरते, हे आमच्याकडे नव्या सुनेलाही ठाऊक असतं. नळकांडं हेही रिकामं भांडंच, हे ना त्यांना सुचलं ना डोमाजीला. दोन वर्षांत गाडी तापलीच नव्हती, तर कळणार कसं?

"चाल, माणिक," ते धापा टाकत म्हणाले. "जागा झाली."

माणिकबाई रडायलाच लागल्या. "मले काय चिखलदरा पाह्याचा होता? आपल्या आळीतून तुमच्या मांगं बसून जाचं होतं. चार बायायनं पाह्यलं असतं, बस्स."

 उत्तमरावांनी कंडक्टरकडून एक पोतं मागून घेतलं, मागे अंथरलं, माणिकबाईंना बसवलं आणि गाडी उलटी वळवली.

पुढचं मला बायकोने सांगितलं. भरदुपारी दोघं आळीत शिरली. गाडी पुन्हा मळकट, कोणी ओळखलीच नाही. ओट्यावरच्या बायांनी तांदूळ निवडता निवडता मानही वर केली नाही. माणिकबाईंनी पदर तोंडाला लावला. ते पाहून उत्तमरावांनी आळीच्या टोकावरून गाडी परत आणली, इंजिन बंद केलं आणि ते रस्त्याच्या मधोमध उभं राहून ओरडले, "अवं बायाहो, गाडी नका पाहू, माही बायको पाहा!"