उन्हात न दिसणारा कॅमेरा आणि धनौरीचे सारस

शनिवारी सकाळी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये एक तक्ता होता. पुढचा सगळा मनस्ताप त्या तक्त्यानं दिला. मी एका केंद्रीय कार्यालयाच्या खरेदी विभागात काम करते. खुर्ची घ्यायची असो की फिनाईल, तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता मांडायचा, मग सही. इतकी वर्षं हेच केल्यावर घरचा कॅमेराही मी तसाच घ्यायला निघाले. झूम, वजन, बॅटरी, धूळ, पाणी, वॉरंटी असे अकरा रकाने आखले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणी काहीतरी गळ्यात मारावं आणि मी ते घेऊन यावं, हे माझ्याकडून होणे नाही.

बरोबर बाबा होते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मालगुजारी तलावात (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेला मोठा तलाव) त्यांनी उभा जन्म मासे धरले. दिल्लीला आले ते डोळ्यांसाठी. शुक्रवारी डॉक्टरांनी सांगून टाकलं की काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर जितकी टिकेल तितकी खरी. बाजूचं दिसणं गेलंच होतं. समोर, जवळ आणि मोठं असेल तेवढंच आता दिसत होतं. बाबा दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मंग एकदा सारस पाहून घेतो."

सारस म्हणजे जवळजवळ माणसाएवढा उंच, लाल मानेचा पक्षी. आमच्या तलावावर एक जोडी असायची. मी शाळेत असताना ती गेली, पुन्हा आली नाही. ग्रेटर नोएडाच्या पुढे धनौरीच्या पाणथळीत सारस आहेत, असं ऑफिसात ऐकलं होतं. पण ते असतात लांब, पाण्याच्या पलीकडे. दुर्बीण लावून पाहिली, तर दोन डोळ्यांचं चित्र बाबांना एकत्र जुळेना. फोनमधून ओढलेला पक्षी म्हणजे नुसता डाग. म्हणून कॅमेरा घ्यायचा होता. खिशात मावणारा, धुळीत टिकणारा आणि लांबचा सारस ओढून बाबांच्या नाकासमोर आणणारा. सोमवारी संध्याकाळी त्यांची गाडी होती. हातात होते दोन दिवस.

हौज खासला मेट्रो बदलून आम्ही चांदणी चौकात उतरलो. कॅमेऱ्यांच्या गल्लीतल्या पहिल्या दुकानात तक्ता उघडला, तसा दुकानदार हसला. "मैडम, ये क्या, टेंडर निकाला है?"

"हां, निकाला है," मी म्हटलं. "आप बस सवाल का जवाब दीजिए।"

शेजारच्या दुकानात तर एवढीही दखल नव्हती. "छोटा कैमरा अब कौन लेता है? फोन से खींच लो।" खाली बघून तो पुन्हा मटार सोलू लागला. कॅमेऱ्याच्या दुकानात मटार! मी तिथलं कोटेशन 'निरंक' लिहिलं आणि पहिल्या दुकानात परत आले.

त्या दुकानदारानं काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक नवाकोरा, पाठीवर मोठा चकचकीत पडदा असलेला. दुसरा वापरलेला, कडा घासलेल्या, पण त्याला डोळा लावून बघायचं छोटं भोक होतं. बाबांनी दुसरा उचलला, डोळ्याला लावला आणि गल्लीकडे वळले. वर तारांच्या गुंत्यावर कबुतरं बसली होती.

"पोरी, यात कबुतर दिसते वं."

"बाबा, तो जुना आहे. त्याला वॉरंटी नाही."

"मले वॉरंटी कायले? मलेच नाही."

दुकानदार हसला, मी नाही. मी नव्या कॅमेऱ्याचा झूम किती पट, ते विचारत होते. तेवढ्यात बाबांनी त्यांच्या हिंदीत मधेच विचारलं, "भाऊ, इसका परदा धूप में दिखता क्या?"

"अंकल ने सही पूछा," दुकानदार म्हणाला. "देखिए, असल बात ये है कि..."

"बाबा, थांबा जरा. मी बोलतेय ना," मी म्हणाले.

बाबा थांबले. दुकानदारही थांबला. दुकानदाराचं अर्धं राहिलेलं वाक्य मी ऐकून घेतलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं. पण माझ्या अकरा रकान्यांत ऊन नव्हतं. आणि तिसरं कोटेशन बाकी होतं.

गल्लीच्या तोंडाशी दौलत की चाट (थंडीत दुधाच्या फेसाची करतात ती गोड, हलकी मिठाई) घेतली. बाबांनी एक चमचा तोंडात टाकला, थोडा वेळ तोंड हलवलं आणि द्रोणात डोकावून पाहिलं. "हे खाल्लं का नुसतं तोंडात धरलं? गेलं कुठं?" माझा राग जरा उतरला. पण तेवढ्यापुरताच. मग पुन्हा मेट्रो, राजीव चौकाची ती चेंगराचेंगरी, बाबांचा हात घट्ट धरून गाडी बदलणं आणि नोएडा सेक्टर अठरा. खिशातल्या एका वस्तूसाठी अख्खी दिल्ली पालथी घालून आम्ही उत्तर प्रदेशात पोचलो होतो.

तिथल्या काचेच्या शोरूममध्ये टाय लावलेल्या विक्रेत्यानं मला आधी तीन फोन दाखवले. मग म्हणाला, "मैम, आप टेक्निकल में मत जाइए। कन्फ्यूज हो जाएंगी।"

बस. मी तक्ता त्याच्यासमोर आपटला आणि अकराच्या अकरा रकाने त्याच्याकडून भरून घेतले. तो घामाघूम झाला. चांदणी चौकात होता तोच नवा कॅमेरा इथेही होता. त्या दिव्यांखाली पडदा असा उजळला होता की बाबांच्या मिशीचा एकेक केस मोजावा. बेरजेत तो पहिला आला. मी तो घेतला आणि वाटलं, जिंकलो. घरी येऊन खोकं उघडलं, तर फोटो साठवायचं कार्ड त्यात नाही! ते वेगळं घ्यायचं असतं म्हणे. त्याचाही रकाना नव्हता. चपला घालून पुन्हा बाजारात गेले.

रविवारी पहाटे कॅब केली. यमुना एक्सप्रेस-वेवर धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे तरंगत होते. ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी विचारायचा, "मैडम, वहां है क्या? होटल है?" मी म्हणायची, "पक्षी हैं।" तो आरशातून माझ्याकडे बघायचा. दनकौरच्या अलीकडे एका टपरीवर कुल्हडमध्ये (मातीचा पेला) चहा प्यायलो. तिथून कच्च्या रस्त्यानं धनौरी.

तिथे पोचलो तर समोर पांढरी भिंत. धुकंच धुकं. काठावर चार हौशी छायाचित्रकार हातभर लांब लेन्स घेऊन उभे होते. त्यातल्या एकानं माझ्या हातातल्या डबीकडे पाहिलं. "मैम, इससे नहीं होगा।"

"देखेंगे," मी म्हटलं. मनात जे म्हटलं ते लिहीत नाही.

बाबा मात्र मान तिरकी करून उभे होते. धुक्यातून तुतारीसारखा आवाज आला, लागोपाठ, एकमेकांत मिसळलेला.

"जोडी हाय," बाबा म्हणाले. "नर एकदा वरडते, मादी त्याच्यावर दोनदा. आइक." त्यांनी कान आवाजाकडे केला. "इतक्या वर्षानं."

दहाच्या सुमाराला धुकं एकदम फाटलं आणि लख्ख ऊन पडलं. एक म्हसरं राखणारा माणूस काठीनं दाखवत म्हणाला, "वो रहे, पटेरे के उधर।" पटेरा म्हणजे पाणकणसाचं उंच गवत. खरंच, त्याच्या पलीकडे दोन राखाडी आकृती उभ्या होत्या. मला दिसल्या. बाबा डोळे बारीक करून भलतीकडेच बघत होते.

मी कॅमेरा काढला, चालू केला आणि पडद्यावर पाहिलं. काळा. कॅमेरा चालू होता, पण त्या उन्हात पडदा म्हणजे नुसता आरसा झाला होता. त्यात मला माझंच वैतागलेलं तोंड दिसत होतं. तिरका धरला, वर धरला, हाताची सावली केली, ड्रायव्हरला समोर उभा केला. काहीच नाही. मग अंदाजानं दाबत सुटले. इतका मोठा झूम असला की हात तसूभर हलला तरी कॅमेरा शेतभर सरकतो, हे तेव्हा कळलं. तेवढ्यात एका सारसानं पंख पसरले, उडी मारली, दुसऱ्यानं मान लववली. लांब लेन्सवाल्यांची खटखट-खटखट सुरू झाली.

"नाचून राहिले का?" बाबांनी विचारलं.

"हो."

"बरं," ते म्हणाले. "आइकू येते ना. चालते."

त्या 'चालते'वर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, आणि राग माझाच मला आला होता. मी म्हटलं, "बाबा, काल तुम्ही विचारलं होतं, उन्हात दिसतं का म्हणून. मी तुम्हाला गप्प केलं."

बाबांनी गळ्यातला पांढरा दुपट्टा सोडला. "आपल्या तलावात भर उन्हात पाण्याखालचा मासा कसा पाह्यतो मी? पाण्यावर चमक असते, तवा?"

मला आठवलं. नावेच्या कडेवर ओणवे होऊन ते डोक्यावरून दुपट्टा पाण्यापर्यंत सोडायचे आणि त्या अंधारातून खाली बघायचे. लहानपणी मीही त्यात डोकं घालायची, मासे बघायला. आणि हे मी अकरा रकाने आखून विसरले होते.

त्यांनी दुपट्टा दुहेरी केला आणि आम्हा दोघांच्या डोक्यांवरून, कॅमेऱ्यावरून ओढून घेतला. पुढे फक्त लेन्स बाहेर. आत घामाचा आणि डोळ्यांच्या थेंबांचा वास होता. आणि पडदा उजळला! मी कोपर गुडघ्यावर टेकवलं, गवत सापडलं, गवतावरून सरकत सरकत राखाडी पिसं सापडली. झूम केला. पडदाभर लाल मान.

बाबांनी तोंड इतकं जवळ नेलं की नाक पडद्याला लागलं.

"हा पाह्य," ते हळूच म्हणाले. "डोक्यावर राखाडी टोपी. तसाच हाय. पाय दाखव वं."

मी पाय दाखवले. मग मादी, मग पुन्हा नर. "चोच उघडून राह्यली." "आता खाली वाकली." दुपट्ट्याबाहेर ड्रायव्हर म्हणत होता, "अंकल-मैडम, ठीक तो हो?" किती वेळ गेला, सांगता यायचं नाही. बॅटरी संपून पडदा विझला, तेव्हा आम्ही डोकी बाहेर काढली. तो मघाचा लांब लेन्सवाला आमच्याकडे बघत होता. बाबा त्याला म्हणाले, "हो गया, भाऊ. हो गया."

रात्री क्वार्टरवर फोटो पाहिले. साठेक निघाले. आभाळ, गवत, कॅबचं बॉनेट, माझा अंगठा. सारसाचा एकही नाही. दुपट्ट्याखाली बटण दाबायचं मला सुचलंच नव्हतं. सगळा वेळ मी कॅमेरा नुसता धरून बसले होते.

सोमवारी बाबांना गाडीत बसवून आले, तर दुपट्टा खुंटीवर तसाच. फोन केला. म्हणाले, "विसरलो नाही. कॅमेऱ्यासंगं ठेव. त्याच्याबिगर तो आंधळा हाय."

तुम्ही उघड्यावर वापरायला लहान कॅमेरा घेणार असाल, तर दुकानदार कितीही कुरकुरो, तो दुकानाबाहेर भर उन्हात नेऊन बघा, आणि शक्यतो डोळा लावायचं भोक असलेलाच घ्या. तक्त्यात मी बारावा रकाना वाढवला आहे. आणि बरोबर कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याचं विचारून होऊ द्या.

काल गावाहून फोन आला. सारस पाहिल्याचं बाबांनी सगळ्या तलावाला सांगितलंय. शेजारचे काका फोनवर मला म्हणाले, "फोटो धाड ना मग. काढला असशील की."

मागून बाबांचा आवाज आला, "तिनं काढला नाही गा. तिनं दाखवला."