महायुद्ध आणि काताचा डाग

दुसरं महायुद्ध अमडापुरात लढलं गेलं नाही, हा आमच्या इतिहासाच्या सरांवर झालेला घोर अन्याय आहे. त्याची भरपाई त्यांनी त्या काळच्या व्यंगचित्रांतून करून घेतली. व्यंगचित्र दिसलं की सरांचे तीन प्रश्न ठरलेले: कोणी काढलं, कोणासाठी काढलं, आन् काय लपवलं? निवृत्तीनंतर वर्ग संपला, प्रश्न संपले नाहीत. निवडणुकीच्या बॅनरसमोर भर बाजारात उभे राहून ते उमेदवाराचं टक्कल शोधत. माझ्यासाठी सांगून आलेल्या मुलीचा फोटो दाखवला, तर म्हणाले, "काढला कोणी? तिच्या मामानं? मंग हा प्रचार आहे बे!" लग्न झालं तिच्याशीच, पण त्या मामांकडे मी अजून संशयानं पाहतो.

सरांचं खरं दैवत मात्र पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात होतं. दुकानाच्या मालकांना सारं गाव चाचा म्हणे. त्यांच्या अब्बांनी कधीकाळी, कापडावर धूळ बसू नये म्हणून, कपाटाच्या दारांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. त्यातच एक युद्धातलं व्यंगचित्र होतं: मिशीवाला हुकूमशहा पृथ्वीचा फुगा फुगवतोय, आणि कोपऱ्यात एक तांबूस ढग. सरांच्या मते तो ढग म्हणजे येऊ घातलेला दुष्काळ. चित्रकारानं इंग्रज सरकारची नजर चुकवून तो घुसडला होता. बाकी चित्र काळं-पांढरं असताना ढगच तेवढा रंगीत कसा, हे विचारायची आमची काय छाती! या ढगापायी सर रोज संध्याकाळी भिंग घेऊन हजर. गिऱ्हाइकाला साडी दाखवायची तर आधी सरांना बाजूला सरकवावं लागे. चाचा चहा मागवत आणि मान डोलवत.

मग चिखलीच्या एका कॉलेजातून प्राध्यापकांपुढे या ढगावर बोलायचं आमंत्रण आलं. सर ऐटीत ते सांगायला आले तेव्हा मी दुकानातच होतो. चाचांचा चेहराच पडला. "सर, नाराज होऊ नोका. तिथं लोकं हसतीन तुमाले. तो ढग नाही, कात आहे. आमचे अब्बा पान खायचे अन् बोटं तिथंच पुसायचे."

"मंग इतके वर्सं सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त तुम्ही रोज आले असते का?"

सरांचे कान लालबुंद झाले. आता हा माणूस उठून जाणार आणि परत येणार नाही, असं मला वाटलं. चाचांनाही वाटलं असणार. पण सरांनी भिंग खिशात घातलं आणि म्हणाले, "मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. चहा सांगा."

धडधडीत खोटं! चाचा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. कॉलेजात सर त्या काताच्या डागावरच तासभर बोलले आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा दुकानात हजर झाले.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. दुकानात काचेची कपाटं आली. दारावरचा कागद सोडवताना त्याचा भुगा होणार, म्हणून चाचांच्या मुलानं आधी फोटो काढून घेतला आणि बुलढाण्याहून झकास फ्रेम करून सरांच्या घरी आणून दिली. फ्रेमवाल्यानं कॉम्प्युटरवर डाग पार पुसून टाकला होता. "पाहा सर, एकदम नव्यासारखं!" मुलगा बिचारा कौतुकानं म्हणाला. सरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो गेल्यावर भिंग काढून ते त्या कोऱ्या कोपऱ्याकडे पाहत बसले. मला राहवेना. म्हटलं, "सर, आज तीन प्रश्न नाहीत?"

"काय विचारू बे," सर म्हणाले, "यात त नुसतं महायुद्धच राह्यलं."