मंदाताईंनी बांधलेला एडिटर

मंदाताई गेल्याचा फोन दूध संघाच्या ऑफिसात आला, तेव्हा मी बिलांची छपाई लावून बसलो होतो. प्रिंटरचा आवाज एवढा होता, की पलीकडून त्यांचे यजमान हनुमंतराव काय सांगतायत हे मला पुन्हा विचारावं लागलं. ते डाळजच्या हायवेवरच्या एसटीडी बूथमधून बोलत होते. "राजेंद्र, मंदा गेली रं..." एवढंच. मी "बरं" म्हणालो. खरंच, "बरं" म्हणालो... वर्षभर ताई डायलिसिससाठी डाळजजवळच्या भिगवणहून पुण्याला जात-येत होत्या, आणि त्यांच्याबरोबर आम्ही सगळेच आतून इतके थकलो होतो, की ह्या बातमीलाही कामाचा निरोप आल्यासारखंच उत्तर तोंडातून गेलं. प्रिंटर बंद करायचं सुचलं नाही. छपाई संपली, कागद फाडून गठ्ठे केले, आणि मग बारामतीच्या स्टँडवर जाऊन भिगवणची गाडी धरली.

आता त्याला काही आठवडे झाले. ताईंचं नाव वाचकांना माहीत असायचं कारण नाही. बारामतीजवळच्या एका दूध संघाच्या संगणक विभागात त्या होत्या आणि तिथलं मशीन सांभाळायच्या. मशीन म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातलं एक कपाटाएवढं धूड. त्याला जोडलेले हिरव्या अक्षरांचे टर्मिनल, आणि त्यांच्यासमोर बसलेले आम्ही. ताई डाळजहून रोज एसटीनं यायच्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, शेतात पेरू आणि भाजीपाला होता, त्यामुळे दिवस उजाडायच्या आधीच त्यांचा अर्धा दिवस संपलेला असायचा. ऑफिसात आल्या की खुर्चीत टेकून म्हणायच्या, "दमले रे बाबा." आणि कामाला लागायच्या. दमणं ही त्यांची तक्रार नव्हती. हजेरी द्यावी तसं ते एकदा बोलून टाकायचं आणि पुढं चालायचं.

मी लासुर्ण्याचा. घरात पगारी नोकरीत लागलेला पहिलाच. प्रोग्रामिंग शिकून संघात लागलो, तेव्हा आईनं अख्ख्या आळीला पेढे वाटले होते. नोकरीला जेमतेम दोन वर्षं झाली असतील. एका रविवारी घरच्या कडबाकुट्टीत, म्हणजे वैरण कापायच्या यंत्रात, उसाचं ओलं वाढं सारत होतो. पेंढी अडकली, ती काढायला हात पुढं गेला... उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हतो. बोलायचं काय? माझं सगळं कामच बोटांचं होतं.

ताई हनुमंतरावांना घेऊन लासुर्ण्याला आल्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. उंबऱ्यातूनच आईला म्हणाल्या, "जय भीम, काकू." मग माझ्यासमोर बसल्या आणि न विचारताच माझा पट्टी बांधलेला हात आपल्या हातात घेतला. बाकी सगळे येणारे हाताकडे बघायचं टाळत होते. आई पदराआडून म्हणाली, "बाई, आता ह्याचं कसं व्हायचं? ह्याला लिवाय-टायपाय कसं जमायचं?" ताई थोडा वेळ हात तसाच बघत राहिल्या. म्हणाल्या, "अंगठा हाय न्हवं काकू. अंगठ्याला पण काम लागतं." मला त्यांचा राग आला होता. समजूत घालायला माणसं काहीही बोलतात, असं वाटलं.

कामावर गेलो तर साहेब वाईट नव्हते, पण स्पष्ट होते. दूधबिलांचा सगळा प्रोग्राम नव्यानं लिहायचा होता आणि तो माझ्याकडे होता. मी डाव्या हाताच्या बोटांनी कीबोर्डच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक अक्षर शोधत बसायचो. दुपारपर्यंत खांदा भरून यायचा आणि पाच-पंचवीस ओळींच्या पुढं गाडी जायची नाही. साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर तुम्हाला गेटवर टँकरच्या नोंदी देऊ. पगार तोच राहील." पगार तोच राहील, हे ते चांगल्या मनानंच म्हणाले. मी मान हलवली.  दुसऱ्या दिवशी ताई येऊन खुर्चीत टेकल्या, दमल्याचं सांगितलं आणि मला जवळ बोलावलं.

त्यांची कल्पना साधी होती. कीबोर्डचा डावा अर्धा भाग माझ्या हाताखाली होताच. उजवा अर्धा भाग आरशात दिसावा तसा डाव्यावर आणायचा. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातलं एक बटण अंगठ्यानं दाबायचं आणि मग डाव्या हातानं अक्षर. नुसतं एफ दाबलं तर एफ, अंगठ्याचं बटण दाबून एफ दाबलं तर त्याच्या समोरचं जे. असं सगळ्या अक्षरांचं. हात जागचा हलवायला नको. आमच्या मशीनवर प्रोग्राम लिहायला जो एडिटर होता, तो एवढं ऐकणारा नव्हता. ऐकणारा एक होता. कोणत्या बटणानं काय करायचं, हे ज्याला सांगता येतं असा. पण तो आमच्याकडे नव्हता आणि तयार मिळणारही नव्हता. मशीन जुनं, त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम त्याहून जुनी, आणि ती बनवणाऱ्यांनी तिच्याकडे बघणंसुद्धा कधीच सोडलेलं. मात्र ह्या एडिटरचा सोर्स, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ प्रोग्राम, कुणालाही मिळत होता. तो आणायचा आणि आपल्याच मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात उतरवून घ्यायचा. घर विकत मिळत नाही तर विटा आणून बांधायचं, तसं.

ताईंची एक मैत्रीण पुण्याला एका संस्थेत होती, तिच्याकडे इंटरनेट होतं. ताई सुट्टी टाकून गेल्या आणि पिशवीभर फ्लॉपी घेऊन आल्या. एका फ्लॉपीत मावणार नाही म्हणून सोर्स तुकड्या-तुकड्यांत भरलेला. एकेक घालत गेलो आणि मधलीच एक वाचता येईना. पुसून बघितली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघितली. ताई म्हणाल्या, "एसटीत टपावर न्हवती ठेवली, मांडीवर ठेवली होती." एवढंच. पुढच्या सुट्टीला पुन्हा पुण्याला गेल्या आणि या वेळी प्रत्येक तुकड्याच्या दोन-दोन फ्लॉपी घेऊन आल्या.

त्यानंतरचे आठवडे आठवले, की अजून अंगातलं त्राण गेल्यासारखं होतं. रोजचं काम उरकलं, की दुपारनंतर आम्ही बसायचो. कंपाइल लावायचं आणि पडद्याकडे बघत राहायचं. ओळी वर सरकत जायच्या आणि कुठंतरी थांबायच्या. सोर्स लिहिणाऱ्यांनी सी भाषा नव्या धाटणीनं लिहिलेली आणि आमच्या मशीनच्या कंपायलरला फक्त जुनी धाटणी कळायची. नवी ओळ आली, की तो हटून बसायचा. मग ती फाइल उघडायची आणि ओळ न् ओळ जुन्या धाटणीत बदलायची. मी वाचून दाखवायचो, ताई बदलायच्या. त्यांचे डोळे शिणले, की त्या वाचायच्या आणि मी एका हातानं बदलायचो. मधेच लाइट जायची, यूपीएस केकाटायला लागायचा, सगळं घाईनं बंद करायचं आणि लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. एक फाइल पार पडली, की पुढची अडायची. सगळ्या फाइली पार पडल्या आणि त्या एकत्र जोडताना कळलं, की एडिटर ज्यांच्या भरवशावर चालतो त्यातली काही छोटी कामं आमची सिस्टीम करतच नाही. ती ताईंनी स्वतः लिहिली. लिहिताना म्हणाल्या, "ह्याला शेजाऱ्याकडून विरजण मागायची सवय. आपल्या आळीत शेजारीच न्हाय. मग आपणच दही लावायचं."

ऐन दिवाळीच्या तोंडावर शेवटचं दुखणं आलं. हा एडिटर बांधून होताना शेवटी एकदा सुरू होतो, आपला सगळा संसार आत घेतो आणि स्वतःलाच त्या भरल्या रूपात डिस्कवर उतरवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी चटकन उठता यावं. आमच्या मशीनवर तो नेमका तिथं कोसळायचा. काहीही बदला, तिथंच. असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी तो पुन्हा कोसळला आणि मी खुर्ची मागं सारली. म्हणालो, "ताई, राहू द्या आता. मी गेटवर जातो. टँकरच्या नोंदी डाव्या हातानं होतात."

ताई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "मी दमले म्हणून सोडीन. तू म्हणतोस म्हणून न्हाय."

"मग दमला नाहीत का?"

"दमलेय की." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "लय दमलेय. सासूबाईंचं करून दमलेय, एसटीनं दमलेय, ह्या मशीननं दमलेय. पण दमलं म्हणून कुणी अर्ध्या रस्त्यात गाडीतून उतरतं व्हय? तिथं खाली नुसतं रान असतंय..."

मी खुर्ची पुढं ओढली.

तोड निघाली ती ताईंच्या हट्टातूनच नव्हे, थोडी माघार घेतल्यामुळेही. सोर्सबरोबरच्या सूचना पुन्हा वाचताना त्यांना दिसलं, की ज्या मशीनवर स्वतःला उतरवून ठेवणं जमत नाही, तिथं ती पायरी वगळायची सोय आहे. फक्त मग तो दर वेळी पहिल्यापासून सगळं गोळा करत बसणार आणि सुरू व्हायला खूप वेळ घेणार. ताई म्हणाल्या, "उशिरा उठू दे. उठला म्हणजे झालं." कंपाइल लावलं. आम्ही दोघंही पडद्याकडे न बघता कँटीनला जाऊन चहा पिऊन आलो. परत आलो, तर काम पुरं झालं होतं, कुठंही न थांबता.

मग ताईंनी आरशाची ती मांडणी भरली आणि उठून मला खुर्ची दिली. काय लिहावं सुचेना, म्हणून गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहायला घेतलं. एल हवा म्हणून अंगठा आणि एस. मग ए, मग एस. यू साठी अंगठा आणि आर... मी घाई करत होतो, चुकत होतो. मागून ताई म्हणाल्या, "हळू. कुणी मागं लागलंय का?" लासुर्णे लिहून झालं. हात जागचा हलला नव्हता. मी मागं वळून बघितलं, तर ताई पलीकडच्या टेबलावर डोकं टेकून झोपल्या होत्या.

बिलांचा प्रोग्राम दिवाळीपर्यंत झाला नाही, पण साहेबांनी माझं टायपिंग बघितलं आणि गेटचा विषय पुन्हा काढला नाही. थंडीत प्रोग्राम पुरा झाला. तेव्हापासून माझा रोजचा शिरस्ता ठरला. सकाळी यायचं, एडिटर सुरू करायचा आणि तो उठेपर्यंत चहा घ्यायचा. ताई माझ्यावर त्याचे उपकार कधी चढवायच्या नाहीत. उलट काही बिघडलं, की माझ्यावरच चिडायच्या.

पुढं सासूबाई गेल्या. ताईंना थोडी उसंत मिळेल असं वाटत होतं, तेवढ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. किडनीच्या आजाराचं निदान झालं, नोकरी सुटली. मी शेवटचा भेटलो, तेव्हा त्या ओसरीत खाटेवर पडून होत्या. दोन हजार साल येतंय, जुनं मशीन तारखांचा घोळ घालील, म्हणून संघ ते काढून टाकून पीसी घेणार आहे, हे मी त्यांना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "जाऊ दे. त्यानं तरी किती करायचं? पीसीवर तो एडिटर तयार मिळतोय, बांधाय नको." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मांडणी तेवढी नेशील आठवणीनं."

परवा पुन्हा डाळजला गेलो होतो. माणसांची वर्दळ संपलेली. हनुमंतराव एकटेच ओसरीत मेथीची जुडी सोडून बसले होते. स्वयंपाक आता तेच करतात. मी शेजारी बसलो आणि डाव्या हातानं पानं खुडायला लागलो. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "मंदा पण अशीच निवडायची."

मला समजलं नाही. ते म्हणाले, "तुझा हात गेला त्या साली. उजव्या हाताची मूठ मिटायची, अंगठा तेवढा भाहेर, आन् समदं डाव्यानं करायची. भाकरी थापायची तर मोडायची. येणी घालायला जमंना, तर केस तसंच बांधून एसटीला पळायची. मी म्हणलं, हात दुखतोय का, दवाखान्यात जाऊ. तर म्हणली, न्हाय, कुठं-कुठं अडतंय ते बघतेय." त्यांनी खुडलेली पानं बाजूला सारली. "पुढं तुझं काम झालं. पण तिची ती सवय ऱ्हायली. भाजी निवडाय बसली, की मूठ आपोआप मिटायची. शेवटपर्यंत. तिला कळायचं पण न्हाय."

हनुमंतरावांनी स्वतःची मूठ मिटून, अंगठा बाहेर काढून मला दाखवली. मग ती तशीच मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं मेथीची काडी उचलली. बारामतीच्या गाडीला अजून वेळ होता. आम्ही दोघं निवडत बसलो.