मडगार्डवरचा पोचा

जुन्या गाडीचा रंग घासताना मडगार्डवरची पुट्टी निघाली आणि आतला पोचा दिसला.

"काकांचा पराक्रम!" माझी मुलगी हसली.

त्या पोच्यानंतर वडिलांनी माझ्या धाकट्या भावाला कधीच गाडीला हात लावू दिला नाही. आता सत्तरीत तोच शेजारी बसून घासकागदावर मगाने पाणी ओतत होता.

"गाडी मी ठोकली होती," मी शेवटी म्हणालो.

"ठाऊक आहे, दादा. मी फाटकातच उभा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

मग इतकी वर्षं मी लपवलं तरी कोणापासून? गोंधळून मी किल्ली त्याच्यापुढे धरली.

"आता काय करू? चालवायला शिकलोच नाही."

त्याने किल्ली घेतली नाही. मलाही ती परत खिशात घालवेना.