आमच्या पसऱ्यातला कापूरचोर

समस्त ग्राहक, हितचिंतक आणि नुसतेच पंख्याखाली उभे राहायला येणारे यांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, धारगळच्या हमरस्त्यावरील आमच्या पसऱ्यातून कापूर नाहीसा होत आहे. कापूर हवेत उडतो हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु तो डबीसकट उडत नाही.

हे निवेदन मी खरोखरच दारावर लावणार होतो. दादांनी लावू दिलं नाही. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, नोकरीतून निवृत्त झालेले आणि भागीदार. म्हणाले, "चोर सावध होतलो."

पसरो म्हणजे आमच्याकडे दुकान. वडील फळीच्या आडून माल द्यायचे. आम्ही फळी काढली, मांडण्या उघड्या केल्या, गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली. गिऱ्हाईक खूश झालं आणि माल कमी भरू लागला. गंमत बघा, काजू जागच्या जागी, चॉकलेटं जागच्या जागी. जात होता कापूर, उदबत्ती आणि काडेपेटी.

"चोर भाविक आसा," मी म्हटलं.

दादा हसले नाहीत. "आज कापूर, उद्या तांदूळ!"

मग आम्ही कोपऱ्यात मोठा गोल आरसा लावला. त्यात लोक केस विंचरू लागले. नंतर कॅमेरा आला. कॅमेऱ्याचं खातं दादांचं. पसरो सकाळी तेच उघडत. मी पोहोचेपर्यंत कपाळाला अंगारा लावून पडद्यासमोर बसलेले असत, न्यायाधीशासारखे. रात्री कॅमेरा बंद, सकाळी सगळं स्थिरस्थावर झालं की चालू. "वीज काय आभाळातून पडता?" असं त्यांचं म्हणणं. कापूरही मी गल्ल्याशेजारी, आमच्याकडे कामाला असलेल्या काकींच्या नाकासमोर आणून ठेवला. तर तो दुप्पट वेगाने जाऊ लागला!

आणि संशय काकींवर आला.

काकी बांद्याकडून बसने यायच्या आणि गल्ला सांभाळायच्या. दारात कुणी पाऊल टाकलं की, "ये गो बाय, पोराचा ताप उतारलो?" किंवा "काय रे, आज पावाचे उंडे घेवक इलंस की चकाट्यो पिटूक?" ज्याच्या तापाची नि चकाट्यांची अशी चौकशी झाली, तो पुढे खिशात साबण कसा घालेल? आरसा आणि कॅमेरा यांनी मिळून जेवढं राखलं नसेल, तेवढं त्या बाईच्या जिभेने राखलं. तिचे किती आभार मानू? आणि तिलाच दादा म्हणाले, "काकी, कापूर तुमच्या हाताशी. दुसरो कोण घेतलो? ह्या म्हयन्यापासून तुमी रवा घराकडे."

काकींनी आपली पिशवी गल्ल्यावर उपडी केली. डबा, छत्री, बसचा पास. आवाज चढवला नाही.

"मोठे शेट, कामावरसून काढा. पण चोर म्हणान धाडू नकात. माझ्या गावात मी तोंड खंय दाखवू? माझा एकच मागणा. राखणदाराक गाऱ्हाणा घाला. सगळ्यांच्या समोर."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे चारचौघांच्या साक्षीने मांडलेली फिर्याद. आमच्याकडे पोलिसाला न भिणारा माणूस गाऱ्हाण्याला भितो. दादांनी लगेच होकार दिला. त्यांची राखणदारावर, म्हणजे गाव राखणाऱ्या देवावर, फार श्रद्धा.

रविवारी सकाळी रस्त्यापलीकडच्या राखणदाराच्या घुमटीपाशी सारी गिऱ्हाइकं जमली. मला तर नाटक हाउसफुल्ल झाल्याचा आनंद झाला. पण काकींकडे पाहिलं आणि तो ओसरला. पदर घट्ट धरून त्या अगदी पुढे उभ्या होत्या. जमलेल्या लोकांनी मात्र मन जिंकलं. एका बाईने काकींचा हात हातात घेतला, दुसरी मोठ्याने म्हणाली, "काकी चोर, तर मी महाचोर!" त्या दोघींचा मी जन्माचा ऋणी आहे.

गाऱ्हाण्याचा मान असलेले म्हातारे गावकार पुढे झाले. नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा, राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ह्या पसऱ्यातलो कापूर जेना कोणी उचलल्यान आसात, तेका आदी बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दादांचा आवाज सर्वांत खणखणीत. गावकार दयाळू, क्षणभर थांबले, चोराला कबुलीची संधी दिली. घुमटीत सकाळचा कापूर जळून काळा डाग तेवढा उरला होता, आणि त्याच्या शेजारी आमच्याच दुकानात मिळते तसली काडेपेटी.

"आनी बुद्धी येवक नाय, तर तेच्या उजव्या हाताक अशी कळ लाव म्हाराजा, की तेका घास तोंडात घालूक येवचो नाय!"

"व्हय म्हा..." म्हणता म्हणता दादा अडकले. त्यांनी काडेपेटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. तो हात झटकन पाठीमागे गेला, आणि साऱ्या धारगळला ऐकू जाईल असे ते ओरडले,

"रव रे राखणदारा, रव! तो कापूर मी रोज तुकाच लायतंय मरे, चोरी थांबाची म्हणान!"